तो केशरी

मोंडेसा, स्वाकोपमुंड
१२ मे १९९६

आउसी ओतीली,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुला वाटलं असेल, आई गेली. आई आहे. आधी तेवढं वाच, मग हवं तर बाजूला ठेव.

बाबांच्या मयताला तू आली नाहीस तेव्हा मी जे लिहिलं होतं ते मी परत घेत नाही. आपल्या लोकांत मयत कोणी चुकवत नाही. भांडलेले येतात, दारू प्यालेले येतात, उसनं नेऊन तोंड लपवणारे येतात. तू थोरली लेक, ल्युडेरित्सहून आली नाहीस. पण ते पत्र बाबांसाठी होतं. हे आईसाठी आहे.

ती मार्चपासून अंथरुणावर आहे. दवाखान्यातली नर्स म्हणते, हृदय थकलंय. आई म्हणते, हृदयाचं तिला काय कळतंय, कालची पोर. खाते थोडं. मासा नको म्हणते. कॉब माशाच्या डोक्याचं कालवणसुद्धा नको, यावरून समज.

तिने कपडे काढून ठेवलेत. पांढरा ब्लाउज, चर्चचा काळा स्कार्फ. आणि कुठे पुरायचं तेही सांगितलंय. बाबांशेजारी नाही. बाळाशेजारी.

बाळ, आपला धाकटा भाऊ, तुला आठवत असेल. मला फक्त त्याचं रडणं आठवतं, तेही आपण राहायचो त्या मिठागरावरच्या इतर आवाजांतून वेगळं काढता येत नाही. तो गेला तेव्हा आई तापात होती. शुद्धीवर आली तोवर बाबांनी त्याला पुरून टाकलं होतं. कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी तुला बरोबर नेलं होतं.

म्हणजे आता जगात हे एकट्या तुला माहीत आहे. तू येऊ नकोस हवं तर. कुठे, एवढं लिही.

युस्टीने


२ जून

आउसी,

तुझं उत्तर नाही. पोस्टातली बाई मला बघितलं की लांबूनच मान हलवते.

आई आता रोज एकच वाक्य बोलते. ‘तो केशरी उभा आहे ना, तिथे मला न्या.’ कोण केशरी, विचारलं की डोळे मिटते. मी सगळे आठवून पाहिले. मिठागराच्या मुकादमाचा कोट तपकिरी होता. पाद्री काळ्यात. शेवटी माझ्या डोक्यात आलं की हेन्टीस बेच्या रस्त्यावर नगरपालिकेची माणसं काम करतात, त्यांच्या अंगात केशरी जाकीट असतं. दवाखान्यात जाता-येता ती त्यांना बघते. कोणी ओळखीचा वाटला असेल.

हसू नकोस. मी गेले आणि त्यातल्या एकाला घेऊन आले. फेस्टुस नाव. बिचारा जाकीट झटकून, टोपी हातात घेऊन आईच्या खाटेशी उभा राहिला. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘हा कोण?’

‘आई, तो केशरी.’

‘वेडी का तू? याला चहा दे आणि घालव. आणि सांग, रस्त्याचं काम नीट करा, गाडीत माझी हाडं खिळखिळी होतात.’

फेस्टुस तीन चमचे साखर घालून चहा प्यायला आणि जाताना मला म्हणाला, ‘तुमची आई लवकर मरत नाही, बाई.’

मागच्या खोलीत मी भाडेकरू ठेवलीय. तुलोंगेनी हाउफिकु, विंडहूकची. मूळ घर उत्तरेला, ओवांबोंच्या मुलखात. आपल्याकडची दगडफुलं तपासायला आलीय. रोज सकाळी पिकअप घेऊन मैदानाकडे जाते, पालथी पडून भिंगातून बघते, संध्याकाळी कोपरं खरचटून येते. मला मेमे म्हणते, आईला कुकू, म्हणजे त्यांच्याकडे आई आणि आजी. आई तिला म्हणाली, ‘समुद्राला भिणारी माणसं तुम्ही. ज्वारी-बाजरी सोडून इथं काय खायला आलीस, दगडावरची बुरशी?’ ती म्हणाली, ‘कुकू, बुरशीच आहे. अर्धी.’ तेव्हापासून दोघींचं जमतं.

तिच्यामुळे मला मिठागर पुन्हा दिसायला लागलं. ती संध्याकाळी नमुने टेबलावर मांडते आणि मला आपली झोपडी दिसते. पत्र्याच्या कडेखाली लावलेला ड्रम, त्यात रात्रभर ठिबकणारं धुकं. सकाळी ड्रमात हात घालून पाणी कुठवर आलंय ते तू मोजायचीस, मला उचलून दाखवायचीस. खाऱ्या पाण्याचे गुलाबी चौकोन. बाबांच्या टाचा मिठाने चिरलेल्या, त्यांत आई रात्री चरबी भरायची. आणि दाराबाहेर पसरलेलं दगडफुलांचं केशरी मैदान. दुपारी वाळून कुरकुरणारं, पहाटे धुक्याने मऊ झालेलं. त्यावरून अनवाणी चालायला आपल्याला पहाटच आवडायची.

आणि आईची निळी बाटली! ती सीलच्या चरबीचा साबण शिजवायची, त्यातलं कॉस्टिक सोड्याचं पाणी बाटलीत काढून ठेवायची. आपल्याला घेऊन मैदानात जायची आणि काडीने एक थेंब झुडपावर टाकायची. केशरीचं एकदम जांभळं. आपण ओरडायचो, इथे टाक, आता इथे. मी ओरडायचे. तू नंतर यायची बंद झालीस. पण मला वाटतं, आपल्याकडे त्याहून चांगला खेळ नव्हता. दूर दूर जायचो आम्ही. दुसऱ्या बायका हसायच्या तिला.

कुठे, ते लिही आउसी.

यु.


२३ जून

आउसी,

काल जेवताना तुलोंगेनी तुझ्या-माझ्या भाषेत बोलायला बसली. मी तिला शिकवते आणि ती जिभेच्या टिचक्या चुकीच्या ठिकाणी मारते. काल म्हणाली, ‘मेमे, आज तो केशरी खूप सापडला.’

मी हसले. म्हटलं, ‘तो नाही गं. ती. ती केशरी.’

‘का? कालच तुम्ही म्हणालात, दगड तो असतो.’

‘उंच असला, लांबट असला तर तो. तोच दगड गोल आणि बुटका असला की ती. शब्दाचं शेपूट फक्त बदलायचं. आता ही तुझी केशरी बोटभर उंच, गोल गोल गादीसारखी. तिला तो कोण म्हणेल?’

‘कुकू म्हणतात की.’

माझा हात ताटात राहिला.

‘रोज म्हणतात,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, त्यांचंच बरोबर असणार. म्हणून मी तसं म्हटलं.’

मी उठून आईकडे गेले. विचारलं, ‘आई, तो केशरी म्हणजे माणूस नाही ना?’

आई म्हणाली, ‘माणूस कशाला असेल?’

‘झुडूप.’

‘मग मी इतके दिवस काय सांगतेय? आणि तू रस्त्यावरचा बाप्या आणून उभा केलास माझ्यापुढे.’

‘पण केशरी ती असते आई.’

‘इथली ती. तिथला तो,’ आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी तुलोंगेनीला विचारलं, असं उंच केशरी कुठे आहे? तिने आपली वही चाळून पाहिली. मग म्हणाली की या अख्ख्या मैदानावर केशरी झुडपी दगडफूल एकाच जातीचं आहे. तिने लॅटिन नावही सांगितलं, तेलोस्किस्टेस कापेन्सिस. ते तिने हजार ठिकाणी पाहिलंय आणि सगळीकडे ते घोट्याच्या खालीच आहे. उंच वाढणारी आहेत, पण ती दुसरी, राखाडी, त्यांना रामालिना म्हणतात. ‘कुकूंनी रंगात घोटाळा केला असेल,’ ती म्हणाली. ‘खूप वर्षं झाली ना.’

आईने चरबीच्या आणि मिठाच्या रंगात आयुष्यात घोटाळा केला नाही. पण ती आता कधी कधी मला तुझ्या नावाने हाक मारते, म्हणून मी तुलोंगेनीचं ऐकून घेतलं.

तू राग धर, पण पेनही धर.

युस्टीने


२१ जुलै

आउसी,

तुझं पत्र आलं. पोस्टातल्या बाईने ते खिडकीतून हलवून दाखवलं.

मी ते उभ्याने वाचलं. वाचण्यासारखं फार नव्हतंच. मिठाच्या ट्रकमधून गेलात, उत्तरेला, बराच वेळ. काळ्या खडकाची एक लांब कड. सावलीची बाजू, समुद्राचा वारा तोंडावर. बाबांनी खणलं, तू दगड दिलेस. भोवती राखाडी झुडपं होती, वीतभर उंच, तुझ्या शालीला अडकत होती. बाबांनी तुला शपथ घातली की आईला सांगायचं नाही, नाहीतर ती रोज तिकडे चालत जाईल आणि वाळूत मरून पडेल.

आणि शेवटची ओळ. ‘आईने मला एकदाही विचारलं नाही.’

त्या ओळीबद्दल मला खूप लिहायचंय. पण आधी राखाडी.

मी पत्र तुलोंगेनीला दाखवलं. म्हटलं, आई म्हणते केशरी, बहीण म्हणते राखाडी. एक तर आजारी आहे आणि दुसरी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती तुझं पत्र घेऊन खोलीत गेली आणि लगेच परत आली. ‘सावलीची बाजू,’ ती म्हणाली. ‘मेमे, उद्या तुम्ही कामावर जाऊ नका.’

तशी कड एकच आहे. गाडी तिने रस्त्यावरच ठेवली. मैदानावर चाक घालू देत नाही ती कोणाला. जुन्या ट्रकचे चरे अजून तसेच आहेत, त्यांत केशरी परत उगवलेलं नाही. आम्ही चालत गेलो. धुकं इतकं, की कड आधी दिसली नाही, तिचा गारवा लागला.

उन्हाच्या बाजूला आपली नेहमीची, गादीसारखी. वळसा घालून सावलीत गेलो आणि आउसी, तू लिहिलंस तस्सं. राखाडी, उंच, फांद्याफांद्यांचं, थेंबांनी लगडलेलं. माझ्या स्कर्टला अडकलं.

तुलोंगेनी गुडघ्यावर बसली. भिंग लावलं. ‘दिसतं तर रामालिनासारखं,’ ती म्हणाली. ‘मी मागच्या वर्षी इथून गेले असते तर वहीत रामालिना लिहून पुढे गेले असते. पण फांदी चपटी नाही. बघा.’ मला कळत नव्हतं, मी मान हलवली. मग तिने खिशातून बाटली काढली, छोटी, काचेची, आत आईच्या सोड्यासारखंच पाणी, आणि नळीने एक थेंब टोकावर सोडला.

काही झालं नाही. मग त्या टोकाला, अगदी टोकालाच, जांभळं आलं.

‘तोच आहे,’ ती म्हणाली. ‘तो’ म्हणाली, मी सुधारलं नाही. ‘केशरी रंग म्हणजे त्याची छत्री असते मेमे, उन्हासाठी. इथे ऊन नाही, मग छत्री कशाला उघडेल? राखाडी राहतो आणि उंच होतो. तुमची बहीण बरोबर आहे. कुकूपण बरोबर आहेत. पण कुकूंना कसं कळलं? राखाडी बघून केशरी आहे हे थेंबाशिवाय कळत नाही.’

मी तिथेच बसले.

आउसी, तुझी शाल. तू परत आलीस तेव्हा तिला झुडपाचा तुकडा अडकला असणार. तापातून उठलेल्या बाईने तो काढून घेतला असणार. उंच होता, म्हणून तो. आणि घरात साबणाचं पाणी होतंच. थेंब टाकून बघितला असणार, की हा आपल्या दारातल्याचाच भाऊ आहे का.

ती निळी बाटली घेऊन उन्हाळाभर मैदानभर जायची. तो खेळ नव्हता. केशरीवर थेंब टाकायची ते माझ्यासाठी, मी ओरडावं म्हणून. स्वतः ती राखाडी झुडपं शोधत होती. प्रत्येक राखाडीवर एक थेंब. जांभळं झालं नाही की पुढे. मला आता दिसतंय, ती पुढच्याकडे जाताना माझा हात धरायची. मी विचारायचे, हे का नाही जांभळं झालं? ती म्हणायची, हा नाही तो.

हा नाही तो. मला वाटायचं, झुडपाबद्दल बोलतेय.

ट्रकने बराच वेळ म्हणजे पायी दोन दिवस. तिला कधीच पोचता आलं नसतं.

दगड आहेत. काही पडलेत. पण डोक्याकडचा मोठा, तुम्ही दोघांनी उचललेला असेल, तो उभा आहे आणि त्यावर बाजूने तो केशरी चढलाय.

तुझ्या शेवटच्या ओळीचं. मी काल आईला विचारलं, तुला माहीत होतं की ओतीलीला ठिकाण ठाऊक आहे, मग तू तिला का नाही विचारलंस? आई म्हणाली, ‘लेकरू होतं. बापाने शपथ घातलेली, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी विचारलं असतं तर तिला एक तर बापाशी खोटं वागावं लागलं असतं, नाहीतर माझ्याशी. म्हटलं, माझं मी शोधते.’

मग थोड्या वेळाने, ‘तिला वाटलं का, मला माझं बाळ नको होतं?’

मी म्हटलं, मला माहीत नाही, तूच तिला विचार. ती म्हणाली, ‘ती इथे कुठाय?’

युस्टीने


४ ऑगस्ट

आउसी,

एक अडचण आहे आणि ती तूच सोडवायची आहेस. तू मोठी.

कडेजवळ आईला पुरता येणार नाही. तुलोंगेनीने स्वतः सांगितलं, माझ्या डोळ्यांत बघून. तो भाग राखीव आहे, नवीन कबर नाही, वीस माणसं आणि शवपेटी तर नाहीच. तिथे मयत नेलं तर तो केशरी पुढची शंभर वर्षं तिथे नसेल. ‘मला वाईट वाटतं मेमे,’ ती म्हणाली, ‘पण मी खोटं लिहून देणार नाही.’ मला तिचा राग आला. दोन दिवस तिला मी दूध न घालता चहा दिला.

मग तिनेच मार्ग काढला. बाळाला आणता येईल. परवानगी ती आणि पाद्री मिळून काढतायत. पायी जायचं, दोघातिघांनी, दगड उचलायचे, त्याला घ्यायचं आणि दगड होते तसे ठेवून यायचं. आपल्या कब्रस्तानात जागा आहे, बाबांपासून लांब, कुंपणाकडेला.

आईला मी विचारलं. त्याला तिथेच राहू द्यायचं की आपल्याकडे आणायचं? ती म्हणाली, ‘ज्यांनी ठेवला त्यांना विचार. ज्यांनी म्हणजे आता एकटीच उरलीय.’

तू म्हणशील तसं. पण आणायचं ठरलं तर त्याला उचलायला दुसरं कोणी जाणार नाही. मी जाणार नाही. तू ठेवलास, तू घे.

आणि मयत म्हटलं की यावं लागतं.

यु.


१५ सप्टेंबर

आउसी,

तू पोचलीस ना? बसमध्ये जागा मिळाली का? तुझं जाकीट खुंटीवरच राहिलं, तुलोंगेनी विंडहूकहून कोणाबरोबर तरी पाठवते म्हणाली.

तुझ्यामागे आठवडाभर लोक येतायत. आपल्या बाळाच्या मयताइतकं मोठं मयत मोंडेसात यावर्षी झालं नव्हतं. ज्यांनी बाळाला पाहिलं नव्हतं तेही रडले. जुन्या मिठागरातल्या बायका आल्या, आईला हसायच्या त्याच. त्यातली एक मला मागच्या दारी म्हणाली, ‘आम्हाला वाटायचं हिला ताप डोक्यात गेलाय, म्हणून दगडांना औषध पाजते.’ मी तिला मटणाचा हाडाचा तुकडा वाढला, बिनमांसाचा.

तू आणि आई दार लावून आत बसलात तेव्हा तिने काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते मी विचारत नाही. मी बाहेर पिठाचे गोळे तळत होते. तेलाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून मी जास्तच तळले. अजून उरलेत.

गाडीत तू त्याची पेटी मांडीवर घेऊन बसलीस. पाद्री म्हणाला, मागे ठेवू, खाली कांबळं घालू. तू नाही म्हणालीस. खड्डा आला की तू पेटीवर हात ठेवायचीस, आणि एकदा तुझ्या तोंडून काहीतरी निघालं, रडणाऱ्याला गप्प करताना निघतं तसं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाबांच्या मयताला तू का आली नाहीस, ते मी पुन्हा कधी काढणार नाही.

आता आईचं सांगते. आम्ही सगळे धरून चाललो होतो, हे झालं की ती प्राण सोडेल. नर्सने मला बाजूला घेऊन तसं सांगितलंही. मयताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर आई बसलेली. म्हणाली, काल कॉबचं डोकं कोणी खाल्लं? मी म्हटलं, पाहुण्यांनी. म्हणाली, ‘म्हणजे मला ठेवलंच नाहीत.’

परवा तिने काठी मागितली. काल कुंपणापर्यंत चालली, फेस्टुसचा हात धरून. तो आता रोज येतो, का ते मला कळत नाही. तिने काढून ठेवलेला पांढरा ब्लाउज परत कपाटात लावला. पाद्री आला होता, त्याने हळूच विचारलं की शेजारची जागा आताच आखून ठेवू का, नंतर गर्दी होते.

आई म्हणाली, ‘आता घाई काय? पोरगा घरी आलाय.’

तुझी,
युस्टीने